भंगारातली रेसर सायकल ओळखताना

बारामतीत किंवा इंदापुरात भंगाराच्या ढिगात खाली वळलेल्या हँडलची सायकल दिसली, तर वजनावर सौदा होण्याआधी ती उलटी करा. पेडलचा एक्सल ज्या नळीत बसतो, तिच्या खालच्या बाजूला बहुधा नंबर ठोकलेला असतो. तीच नळी रुंदीला मोजा: ६८ मिलिमीटर म्हणजे बहुधा इंग्लिश माप, ७० म्हणजे इटालियन. स्टिकर उडालेला असला तरी सीटचा दांडा बोलतो. त्याची जाडी २७.२ मिलिमीटर असेल, तर फ्रेम पातळ, हलक्या नळीची असण्याची दाट शक्यता. १९३५ साली आलेली रेनॉल्ड्स ५३१ ही त्यातली नावाजलेली नळी. मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या या मुलखात अशी फ्रेम कटरखाली जाऊ नये.

आता नुकसान. हँडलच्या नळीमागे, आडव्या आणि तिरक्या नळीच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. सुरकुती लागली, तर सायकल समोरून धडकली आहे. फ्रेमची किंमत तिथेच कोसळते. पुढच्या चाकाचा चिमटा एकटाच वाकला असेल तर बदलता येतो. वरवरचा गंज फारसा घातक नाही.

मोडक्या फ्रेमवरही कॅम्पान्योलो कंपनीचे गिअर, ब्रेक, हब शाबूत असतील तर त्यांची किंमत वेगळी धरा. मूळ रंग खरवडू नका, नवा मारू नका. आणि सायकल बेवारस सापडली असेल, तर आधी पोलिसांना नंबर कळवा.