मागच्या सीटला गार हवा का येत नाही?



कारखान्याचा पट्टा पडला, की आपल्याकडे लग्नसराई आणि देवदर्शनाचे दिवस सुरू होतात. घरची मोठी गाडी अंगणातून निघते ती भरूनच. गाडी बहुधा जुनी, सेकंडहँड घेतलेली. पुढे मालक बसतात, मधे पाहुणे, आणि अगदी मागे म्हातारी माणसे नाहीतर लेकरे. मग तक्रार ठरलेली: "पुढं गारठा, अन् मागं भट्टी!" पुढे बसलेल्याला ती पटत नाही, कारण त्याच्या तोंडावर गार वारा असतो. पण मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना मागच्या बाकावर दोन तास कोंडलेल्या वयस्क माणसाला भोवळ येते, ही चेष्टेची गोष्ट नव्हे. रक्तदाब-मधुमेहाच्या माणसाला तर उष्मा लवकर बाधतो.

अशा वेळी गॅरेजवाला एकच औषध सांगतो, "गॅस भरू या." गॅस भरला जातो, महिनाभर बरे वाटते, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. हा खर्च दर उन्हाळ्याला का होतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

कारखान्यात पॅनवर पाक आटताना आपण पाहिला असेल. पॅनमधली हवा ओढून घेऊन दाब कमी केलेला असतो, म्हणून पाक शंभर अंशांच्या पुष्कळ खालीच उकळतो. दाब कमी केला की उकळण्याचा अंश खाली येतो, हेच तत्त्व एसीमध्ये आहे. गाडीतला आर-१३४ए नावाचा गॅस उघड्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. उकळायला उष्णता लागते, ती तो गाडीतल्या हवेतून घेतो, आणि हवा गार होते. पुढे कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढची कंडेन्सरची जाळी त्याची उष्णता बाहेर टाकते, त्याचे पुन्हा पाणी होते, आणि एका बारीक वॉल्व्हमधून तो परत कूलिंग कॉईलमध्ये येतो. हे चक्र बंद नळ्यांतून फिरते. त्यात गॅस डिझेलसारखा जळत नाही, संपत नाही. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळला आहे. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

१९९८ साली आलेली सफारी, २००५ साली आलेली इनोव्हा आणि त्या काळातल्या इतर सात-आठ माणसांच्या गाड्या यांपैकी ज्यांना मागे स्वतंत्र एसी आहे, त्यांत कॉम्प्रेसर एकच आणि कंडेन्सरही एकच असतो. कॉईल, वॉल्व्ह आणि पंखा मात्र दोन-दोन. विहिरीवर मोटार एक आणि पाइपलाइनला टी काढून दोन शेतांना पाणी, असा हा प्रकार. मागचा एसी म्हणजे टेलचा शेतकरी! पाणी कमी पडले की पहिली ओरड त्याची. म्हणून मागे गार होत नसेल तर दोष मागेच असेल असे नाही.

काही गाड्यांत मागे कॉईलच नसते, पुढचीच हवा नळकांड्यातून मागे नेलेली असते. मागच्या पंख्याचा वेगळा आवाज येत नसेल तर आपली गाडी त्यातली आहे का, हे आधी पाहावे.

तपासताना पहिला प्रश्न: वारा येतो का? दुसरा: आलेला वारा गार आहे का? ही दोन दुखणी वेगळी आहेत.

वाराच येत नसेल तर गॅसचा संबंध नाही, दुखणे विजेचे आहे. पुढचा एसी चालू केल्याशिवाय मागचा गार होत नाही, आणि काही गाड्यांत पुढच्या पट्टीवर मागच्या एसीचे मुख्य बटण असते. ते बंद असेल तर मागची बटणे कितीही फिरवा. मग फ्यूज आणि रिले पाहावेत. पंखा फक्त शेवटच्या नंबरवर फिरतो आणि खालच्या नंबरांवर गप्प राहतो, असे असेल तर मोटार चांगली आहे, रेझिस्टर गेला आहे. शेवटच्या नंबरला वीज रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटारीला जाते, म्हणून तेवढाच चालतो. रेझिस्टर मोटारीच्या मानाने स्वस्त, तेव्हा आख्खी मोटार बदलायला होकार देण्याआधी विचारावे. आपल्याकडे आणखी एक उपद्रव उंदरांचा. उसाच्या फडाकडेला आठवडाभर गाडी उभी राहिली की मागच्या पत्र्याआडच्या वायरी कुरतडल्याच म्हणून समजा.

वारा येतो पण मंद, तर मागच्या एसीची हवा ओढायची जाळी शोधावी. हा एसी बाहेरची हवा घेत नाही, आतलीच पुन्हापुन्हा फिरवतो. त्या जाळीपुढे पेंडीचे पोते टेकवले असेल किंवा सीटचे कव्हर ओढले असेल तर तो बिचारा काय करणार?

आता मुख्य गोष्ट. वारा भरपूर, पण गरम. पुढेही गार नसेल तर कंडेन्सरची जाळी पाहावी. पाचटाचा भुसा आणि धुरळा तिच्यात घट्ट बसतो. ती मऊ धारेने धुवावी, गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाती मुडपतात. कंडेन्सरचा पंखा फिरतो का, कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून लागतो का, हेही पाहावे.

पुढे गार आणि मागे गरम असेल, तर मागच्या कॉईलकडे जाणाऱ्या दोन नळ्या, एक बारीक आणि एक जाड, जिथे सहज हात पोचतो तिथे चाचपाव्या. चालू गाडीखाली मात्र शिरू नये. एसी नीट चालत असेल तर बारीक नळी कोमट आणि जाड नळी गार, घाम सुटलेली लागते. जाड नळी गार नसेल तर गॅस कॉईलमधून पुरेसा जात नाही. तो मुळातच कमी आहे, किंवा मागचा वॉल्व्ह अडकला आहे. यातले कोणते, हे गॅस वजनावर भरल्याशिवाय ठरत नाही. आणि नेमके इथेच बहुतेक गॅरेजांत चुकते. दोन कॉईलच्या गाडीला एका कॉईलच्या गाडीपेक्षा जास्त गॅस लागतो. मिस्त्री अंदाजाने भरतो, पुढे गार झाले की नळ बंद करतो, आणि टेलवाला कोरडाच. किती ग्रॅम भरायचा हे बहुधा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. जुना गॅस यंत्राने काढून, वजन करून, अर्धा तास व्हॅक्यूम ओढून, काटा जागेवर टिकतो का पाहून मगच तेवढा भरावा. एवढे करूनही मागे गरम राहिले, तर वॉल्व्हवर संशय घ्यावा.

एक खूण फार उपयोगी आहे. अर्धा तास छान गार, मग गरम, थोडे थांबले की पुन्हा गार, असे होत असेल तर गरम होताना वाऱ्याचा जोर पाहावा. जोर तसाच असेल तर आत दमट हवा शिरली असून वॉल्व्हच्या भोकात बर्फ धरतो. त्याला ड्रायर बदलून नीट व्हॅक्यूम लागतो. वाराही मंदावत असेल तर कॉईलवरच बर्फ चढतो आहे, आणि दोष बहुधा थर्मोस्टॅटचा.

गळती शोधायची तर मागे जाणाऱ्या नळ्यांपासून सुरुवात करावी. अनेक गाड्यांत त्या ॲल्युमिनियमच्या असतात आणि तळाखालून जातात. क्लिपांखाली चिखल साचतो, नळी घासते, झिजते. त्यात आपण मागे खताची पोती टाकतो, सांडलेले खत ओलसर होऊन धातू खाते. गॅसबरोबर तेलही फिरत असते, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट काळा धूळडाग दिसतो. तो दिसला तर नळी बदलून घ्यावी आणि मगच गॅस भरावा. काही गॅरेजवाले या खर्चाला फाटा देऊन मागची लाइनच डमी करून टाकतात. मागे कोणी बसतच नसेल तर हरकत नाही. पण जुनी गाडी घेताना मागचा पंखा फिरतो एवढ्यावर भुलू नये, वर सांगितल्याप्रमाणे जाड नळीला हात लावून पाहावा.

स्वस्तात स्वयंपाकाच्या गॅससारखा गॅस भरून देणारेही भेटतात. तो पेट घेतो. मागची कॉईल थेट माणसांच्या अंगाशी असते, तिथे गळाला तर काय होईल, याचा विचार करावा. बिलावर गॅसचे नाव आणि ग्रॅम लिहून घ्यावेत. नळीचा नट मात्र घरी सोडू नये, उडालेला गॅस डोळ्यात गेला तर डोळा गोठवतो.

छतातून पाणी ठिबकते, विशेषतः ब्रेक मारल्यावर, तेव्हा घाबरू नये. कॉईलवरचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते. कुंभारीण माशी तिच्या तोंडात मातीचे घर करते. पातळ प्लास्टिकची नळी घालून ते हलकेच मोकळे करावे, तार खुपसू नये.

शेवटी वासाबद्दल. मागे बसणाऱ्यांना धुराचा वास आला, डोके दुखले, मळमळले, तर एसीला दोष देऊन गप्प बसू नये. मागच्या दाराचे रबर फाटले असेल किंवा सायलेन्सर फुटला असेल, तर धूर आत येतो आणि मागचा पंखा तोच आत फिरवत राहतो. या धुरातला कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. लगेच काचा उघडाव्या, गाडी थांबवून माणसे उतरवावी, आणि रबर व सायलेन्सर दुरुस्त होईपर्यंत मागे कोणाला बसवू नये. याच कारणाने बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत लेकरांना झोपवू नये.