नमाजची वेळ सांगणारा फोन आपला ठावठिकाणा कोणाला सांगतो?

फज्रची अजान मोबाइलवर ऐकायची सवय आता बहुतेक घरांत झाली आहे. परगावी नोकरी करणाऱ्या मुलामुलींना तर त्याचा मोठा आधार. पण नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी वृत्त-संकेतस्थळाने एक बातमी दिली आणि आम्ही आमच्याच फोनकडे संशयाने पाहू लागलो. जगभरात नऊ कोटी ऐंशी लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झालेल्या 'मुस्लिम प्रो' या अ‍ॅपमधून लोकांचे ठावठिकाणे 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होते, आणि ही कंपनी अशी माहिती अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांना विकत होती. बातमी आल्यावर अ‍ॅपवाल्यांनी तिच्याशी संबंध तोडल्याचे जाहीर केले.

फोन कोणी हॅक केला नव्हता. लोकेशनची परवानगी आपणच दिली होती, नमाजच्या वेळेसाठी.

असा धोका अ‍ॅप तयार होण्याआधी, कागदावरच पकडता येतो. त्याची रीत अगदी शाळकरी आहे. वापरणाऱ्यासाठी चौकोन काढायचा, अ‍ॅपच्या प्रत्येक कामासाठी गोल, माहिती साठते तिथे दोन समांतर रेघा, आणि माहिती जिथून जिथे जाते तिथे बाण. मग प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारायचे, हा कशासाठी? बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी या आकृतीला सात प्रकारच्या धोक्यांची यादी जोडली. 'लिंडन' या नावाने ती पद्धत ओळखली जाते. वेगवेगळ्या नोंदी जोडून माणूस ओळखता येतो का, वापरणाऱ्याला काही माहीतच नाही असे होते का, असे प्रश्न त्यात आहेत. आम्हाला सर्वांत विचारात पाडले ते 'नुसता सुगावा लागणे' या धोक्याने. नाव-पत्ता काहीही न कळता, एखाद्या फोनमध्ये नमाजचे अ‍ॅप आहे एवढे कळले तरी त्या माणसाचा धर्म कळतो!

आता नमाजच्या अ‍ॅपची आकृती काढून पाहू. वेळ ठरते ती सूर्याच्या स्थितीवरून. त्यासाठी अक्षांश, रेखांश आणि तारीख पुरे. हे गणित फोन स्वतः करतो. किबल्याची दिशाही तशीच निघते, कारण काबा आपली जागा सोडत नाही. म्हणजे बाण फोनबाहेर जायचे कारणच उरत नाही. शिवाय अचूक ठिकाण तरी कशाला हवे? आपल्याकडे पूर्व-पश्चिम एक किलोमीटर सरकले तर सूर्याच्या वेळेत जेमतेम दोन-अडीच सेकंदांचा फरक पडतो. रमजानचे छापील वेळापत्रक सगळ्या शहराला एकच असते, ते उगाच नाही. आकृती काढणाऱ्याने तिथेच लिहायला हवे होते: ठिकाण अंदाजे घ्यावे, फोनमध्येच ठेवावे.

युरोपात २०१८ पासून अशी काळजी रचनेतच घेणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडचा २०२३ चा कायदाही कामापुरतीच माहिती घ्या म्हणतो. तोवर आपल्या हातात एवढे आहे: अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून अचूकऐवजी अंदाजे लोकेशन देता येते. काही अ‍ॅपमध्ये शहराचे नाव निवडले की लोकेशन लागतच नाही.

दुसऱ्यांच्या अ‍ॅपबद्दल बोलताना आपल्या घरातलेही पाहावे. मोहल्ल्यातली कॉम्प्युटर शिकलेली पोरे हौसेने जमातीसाठी जकातीचा ऑनलाइन फॉर्म करतात. त्यात अर्जदार बेवेचे नाव, आधारचा फोटो, बँक खाते, मुलींची वये असे सगळे मागितलेले असते, आणि ती यादी पंधरा जणांच्या ग्रुपवर फिरते. मदत पोहोचवणाऱ्याला नाव आणि पत्ता लागतो, हिशेब ठेवणाऱ्याला रक्कम आणि एक क्रमांक. मुलींची वये कोणाला लागतात, हे त्या पोरांना एकदा बसवून, कागदावर बाण काढायला लावून विचारावे. शाबान उजाडायच्या आत विचारले तर या रमजानच्या फॉर्मात बदल होऊ शकतो.