आधी प्रवेश बसवा

प्रयोगाला तीन आठवडे उरले की विद्यार्थ्यांचे नाटक बसवणाऱ्याची खरी कसोटी लागते. नेपथ्य रंगायचे असते, कपडे शिंप्याकडे अडकलेले असतात, कोणाची तरी परीक्षा आडवी येते आणि तालमीचे दोन तास बघता बघता सरतात. पुरुषोत्तम करंडकाच्या मोसमात पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात डोकावा, हेच चित्र. त्या दोन तासांत आधी काय पक्के करायचे? मला पटलेले उत्तर तंजावूरचे आहे: पात्राचा प्रवेश.

तंजावूर हे मराठी नाटकाचे जुने घर. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे अभ्यासक मराठीतल्या सर्वांत जुन्या नाटकांत गणतात. सांगलीत विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले १८४३ साली, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी. भोसल्यांच्या दरबारातल्या नाटकांची हस्तलिखिते आजही राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत.

या परंपरेत पात्र विंगेतून चालत येऊन बोलायला लागत नाही. त्याच्यासाठी ‘दरू’ असतो, प्रवेशाचे पद. गायक त्यात पात्राचे रूप, वैभव, स्वभाव वर्णन करतात आणि नट त्याच तालावर नाचत पुढे येतो. हे आजही बघायचे असेल तर तंजावूरजवळच्या मेलट्टूरला जावे. तिथला भागवत मेळा हा नाट्योत्सव दरवर्षी नरसिंह जयंतीच्या सुमारास, वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर होतो. दोघे जण पडदा धरून उभे राहतात. आधी पडद्यामागून पावलांचा ठेका ऐकू येतो, मग कडेला बोटे दिसतात, मग डोळे. हिरण्यकशिपूने अजून तोंडही उघडलेले नसते, पण त्याचा अहंकार प्रेक्षकांना कळून चुकलेला असतो.

दिग्दर्शकाच्या दृष्टीने यात मोठी सोय आहे. एका प्रवेशात चाल, ताल, नजर, वेशाचे भान आणि गायकांशी जुळवणी, सगळे एकदम तपासून होते. प्रवेश नीट बसला की नटाला आपले पात्र सापडते आणि पुढची वाक्ये त्याच अंगाने येतात. आपल्याकडे मात्र शेवटच्या आठवड्यात आपण शेवटचा प्रसंगच घोटत बसतो.

मेलट्टूरला मुलांना शिकवण्याची रीतही विचार करण्याजोगी आहे. सुरुवातीला उंच टोपी घातलेला कोणंगी, म्हणजे विदूषक, येतो, मग मंगलपदे होतात, आणि गणपती बनून येतो तो एखादा लहान मुलगा. त्याला संवाद नसतात, पण रात्रभर चालणाऱ्या नाटकासमोर एकट्याने उभे राहायचे असते. ‘प्रल्हादचरित्रा’तला प्रल्हादही मुलगाच करतो. स्त्रीपात्रे पुरुषच करतात, त्यामुळे प्रल्हादाच्या आईची, लीलावतीची, उभे राहण्याची ढब थोरल्या नटाकडून धाकट्याने उचलायची. नट पेशाने कलावंत नसतात. बरेच जण शहरात नोकरी करतात आणि उत्सवासाठी गावी परततात. म्हणून पाया लहानपणीच घातलेला असतो. तालमीत जुळवणी करायची, श्रीगणेशा नव्हे.

आणखी एक अडचण आहे, ती तमिळनाडूतली असली तरी आपल्या मुलांच्याही ओळखीची आहे. मेलट्टूर वेंकटराम शास्त्रींची ही नाटके तेलुगूत आहेत आणि गाव बोलते तमिळ. घोकलेले पद अर्थाशिवाय म्हटले की हात एक सांगतात आणि डोळे कोरे राहतात. अर्थ उलगडायला वेळ द्यावाच लागतो. तो पाठांतराच्या आधी द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नरसिंहाचा मुखवटा पूजेचा असतो, आणि तो धारण करणारा नट उपास करतो. पहाटेच्या सुमारास खांबातून नरसिंह प्रकटतो तेव्हा त्याला आवरायला माणसे उभी असतात. इतक्या ताणाच्या क्षणी कोण कुठे उभे राहील, हे मात्र आधीच ठरलेले हवे. आवेशाला जागा करून देणे हेही दिग्दर्शनच.

विद्यार्थ्यांसाठी तंजावूरने ठेवलेला सर्वांत सुंदर खजिना मात्र वेगळाच आहे. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी मराठीत ‘देवेंद्र कोरवंजी’ लिहिली. भविष्य सांगणारी कोरवंजी इंद्राणीला चक्क जगाचा भूगोल सांगते! नव्या विद्यांची शाळा काढणाऱ्या राजाने नाचगाण्यातून देशांची आणि शहरांची नावे शिकवायला घेतली, याचे मला अपार कौतुक वाटते. करायला ती अवघड आहे. नावांच्या लांबच लांब माळा तालात म्हणायच्या आणि हातांनी दिशा दाखवायच्या. एक नाव चुकले की पुढची सगळी घसरतात. तेव्हा रोज थोडी थोडी नावे, आणि दर वेळी पायाच्या ठेक्यासकट.

महाराष्ट्रातल्या एखाद्या कॉलेजने ही कोरवंजी करायला घ्यावी असे मला मनापासून वाटते. संहिता सरस्वती महालाने छापलेली आहे. सोबत मृदंगाचा जाणकार हवा, पडदा धरणारे दोघे हवेत, आणि तालमी जूनमध्येच सुरू व्हायला हव्यात.