भूमचा खवा

बालाघाटच्या डोंगराळ मुलखात वसलेल्या भूम तालुक्यात पाऊस बेताचाच पडतो. शेतीचा भरवसा नसल्यामुळे तेथील शेतकऱ्यांनी दुभत्या जनावरांची कास धरली. परंतु दूध लवकर नासते. म्हणून ते रुंद कढईत आटवितात. बुडाला लागून करपू नये, यासाठी ते सतत ढवळावे लागते. पाण्याची वाफ होऊन गेली, की घट्ट खवा उरतो. म्हशीच्या सुमारे ५ लिटर दुधाचा १ किलो खवा होतो. तो दुधापेक्षा अधिक टिकतो व दूरच्या बाजारी नेण्यास सोपा पडतो. कुंथलगिरीचा प्रसिद्ध पेढा खव्याचाच. खव्यात साखर व नारळाचा कीस घालून शिजविल्यास नारळाची बर्फीही होते. चारा असेतो ही कढई कित्येक संसारांना आधार देते.