आपत्तीतली माणसं (लेखांक ७) : मदतीच्या यादीत कोणाचं नाव?

मागच्या लेखांकात आपण किल्लारीत होतो. आता गुजरातचा भूकंप. २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ. केंद्र कच्छात भचाऊजवळ, तीव्रता ७.७. सुरत तिथून सरळ रेषेत जवळपास साडेतीनशे किलोमीटर. तरीही सुरतेत बहुमजली इमारत कोसळली आणि चाळीसहून अधिक माणसं दगावली. एकूण बळी वीस हजारांच्या घरात.

मदतीला धावलेल्यांत ख्रिस्ती संस्था बऱ्याच होत्या. कॅथलिकांची कॅरितास इंडिया, प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांची मिळून ‘कासा’, शिवाय सॅल्व्हेशन आर्मी. कासाचा तर जन्मच १९४७ च्या फाळणीतल्या निर्वासितांसाठी झालेला. या संस्थांचं मुख्य भांडवल पैसा नव्हे, आधीपासून रोवलेला पाय. कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे धर्मभगिनींचा मठ. कुठल्या वाटेनं जायचं आणि कोणाला विचारायचं, हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं.

पहिल्या दिवसांतलं सामान साधं असतं : ताडपत्री, कांबळी, पातेली, बादली, धान्य. कच्छातली जानेवारीची रात्र बोचरी, त्यामुळे कांबळ्याला धान्याइतकीच किंमत. पण खरा पेच सामानाचा नसतो, यादीचा असतो. सरपंचाच्या ओटीवर बसून यादी केली की दलित वस्ती आणि मुसलमानांची आळी हमखास गळते. कच्छातही मदतवाटपात जातीचा दुजाभाव झाल्याच्या तक्रारी आल्याच. म्हणून जाणता कार्यकर्ता आळीआळीनं फिरतो, रेशनकार्ड नसलेल्यांचीही नावं टिपतो आणि यादी चार लोकांसमोर मोठ्यानं वाचतो. वाचली की भांडणं होतात. ती वाटपाच्या आधी झालेली बरी.

ख्रिस्ती संस्थांच्या या कामाला एक जुना संशय चिकटलेला आहे : ‘पोटासाठी बाटले’. त्याचं मूळ गुजरातेतही सापडतं. लंडन मिशनरी सोसायटीची माणसं सुरतेत १८१५ पासूनच होती. बायबलचं गुजराती भाषांतर छापायला त्यांनी तिथे छापखाना घातला. पुढे विक्रम संवत १९५६ चा ‘छप्पनिया’ दुष्काळ आला (इ. स. १८९९-१९००) आणि मिशनांची अनाथालयं पोरक्या मुलांनी भरली. पंडिता रमाबाईंनी याच दुष्काळातून शेकडो गुजराती मुली केडगावला आपल्या संस्थेत आणल्या. मुली जगल्या, शिकल्या. बऱ्याच जणी ख्रिस्तीही झाल्या. माझ्या मते हे दोन्ही एका दमात सांगायला हवं. एकच अर्धा भाग सांगणारे दोन्हीकडे पुष्कळ आहेत.

१९९८ च्या डिसेंबरात सुरतेशेजारच्या डांगमध्ये चर्चवर हल्ले झाले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी ही मंडळी कच्छात उतरली, म्हणजे लोकांच्या नजरा त्यांच्यावर असणारच. त्यांच्या हाताशी मदतकार्यासाठीची १९९४ ची एक आचारसंहिता होती. रेडक्रॉसबरोबर ती पुरस्कृत करणाऱ्यांत कॅरितास, कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस आणि जागतिक चर्च परिषदही होत्या. त्यातलं तिसरं कलम म्हणतं की मदतीचा वापर कोणतीही राजकीय वा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी करायचा नाही. कलम कागदावरचं आहे हे खरं, पण संस्थेला जाब विचारायला गावकऱ्याला तेवढा कागद पुरतो.

पुढची पायरी घरांची. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत ५२ गावं उचलून नव्या जागी वसवली. कच्छात बहुसंख्य लोकांनी सरकारी पैसा हप्त्याहप्त्यानं घेऊन आपलं घर आपण बांधलं. काही गावं संस्थांनी दत्तक घेतली, तिथे निम्मा खर्च सरकारचा, निम्मा संस्थेचा. दत्तक हा शब्द मला खटकतो. गाव काही पोरकं नसतं. ते असो. संस्थेचा कस इथे लागतो, कारण छायाचित्रकार परतलेले असतात आणि गवंड्याला भूकंपात टिकणारा आडवा पट्टा भिंतीत कसा घालायचा ते शिकवायचं असतं.

आजच्या घडीला अडचण वेगळीच. परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा २०२० मध्ये दुरुस्त झाला. आता एका संस्थेनं परदेशातून आलेला पैसा दुसरीकडे वळवायचा नाही आणि कचेरीखर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवायचा. पूर्वी दिल्लीतली मोठी संस्था जिल्ह्यातल्या छोट्या संस्थेला पैसे देई आणि छोटी संस्था वस्तीपर्यंत पोहोचे. ती साखळी परदेशी पैशापुरती तुटली. हिशेब चोख असावा यावर कोणाचं दुमत नाही. पण पुढचा भूकंप होईल तेव्हा आळीआळीनं फिरणाऱ्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, याचं उत्तर या दुरुस्तीत मिळत नाही.

(पुढच्या आठवड्यात : १९९४ चा सुरतेतला प्लेग)