ब्रेक पॅडची किंमत आणि मिस्त्रींच्या 'नाही'ची किंमत

आजचा विषय वाचून एकांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज काढलंत की काय?" नाही हो! ॲरिस्टॉटलनेसुद्धा न्याय्य देवाणघेवाणीचा विचार घर बांधणारा आणि जोडे शिवणारा यांचं उदाहरण घेऊनच केला. मला तो प्रश्न ब्रेक पॅडवरून पडला, इतकंच.

झालं असं, की गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. तिथून फोन आला, "पुढचे पॅड आणि डिस्क, दोन्ही बदलावं लागेल." आकडा ऐकून मी गाडी परत आणली आणि घराजवळच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी दोन्ही चाकं काढली, पॅड मोजले. ६ मिलिमीटर शिल्लक. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. तीही ताडून दाखवली. म्हणाले, "सर, घाई नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला परत बघू." मी विचारलं, किती द्यायचे? "राहू द्या." मी खुशीत घरी आलो. संध्याकाळी मात्र मन खायला लागलं. का, ते शेवटी सांगतो.

आधी वस्तू समजून घेऊ. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर बसवलेला, घर्षण करणारा थर. नवा असताना तो साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा. तिथे काटकसर करू नका. थर संपून पोलाद डिस्कला घासायला लागलं, की ब्रेकही जातो आणि डिस्कही. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे येतो, म्हणून सहसा पुढचे पॅड आधी झिजतात. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांना मागे ड्रम असतात. तिथे पॅड नसतातच, शू असतात. तेव्हा कोणी "चारही चाकांचे पॅड" म्हणालं, तर जरा थांबा. पण डाव्याबरोबर उजव्याचेही बदलू म्हणाले, तर ती फसवणूक नव्हे. जोडी एकदमच बदलायची असते, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

आता निवड. मोटार कंपन्या बहुधा पॅड स्वतः बनवत नाहीत, पुरवठादारांकडून घेतात. कंपनीच्या डब्यातला पॅड महाग, पण निर्धास्त. नावाजलेल्या उत्पादकाचा त्याच्या स्वतःच्या डब्यातला पॅड बऱ्याचदा स्वस्त पडतो आणि रोजच्या वापराला उत्तम चालतो. तिसरा प्रकार बिननावाचा किंवा नकली डब्यातला. तो ब्रेकला नको म्हणजे नको. डबा आपल्यासमोर उघडायला सांगा, त्यावरची छापील किंमत बघा, जुने पॅड परत मागा, आणि बिलात माल वेगळा, मजुरी वेगळी लिहून घ्या.

आता माझ्या लाजेकडे येतो. डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक निबंध लिहिला. काही सेवा अशा असतात, की घेतल्यानंतरही त्यांची खरंच गरज होती का, हे आपल्याला कळत नाही. वैद्यकी तशी, मोटारदुरुस्तीही तशी. तिथे निदान करणारा आणि माल विकणारा एकच असतो. 'बदला' म्हटलं तर त्याला पैसे मिळतात, 'बदलू नका' म्हटलं तर काहीच नाही.

म्हणजे बघा, आपण पॅडचे पैसे देतो, पण निर्णयाचे देत नाही. मजुरीत घासाघीस करतो आणि मालाच्या किमतीपुढे मान तुकवतो. मग मिस्त्री आपली मजुरी मालात लपवतो, आणि लपवायची सवय लागली की नको असलेला मालही विकला जातो. त्याच्या लबाडीचं समर्थन मी करत नाही. पण ज्या व्यवहारात खरं बोलणाऱ्याची अर्धा तासाची मेहनत फुकट जाते, तो व्यवहार आपणही अन्याय्य केलेला असतो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि तपासणीची मजुरी पुढे केली. ते म्हणाले, "पण सर, काम कुठं काय केलं?" मी म्हटलं, "तुम्ही नाही म्हणालात, तेच काम." त्यांनी जरा संकोचून पैसे घेतले.

तेव्हा गॅरेजमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न 'पॅड केवढ्याला?' असा विचारू नका. 'तपासायचे किती घ्याल?' असं विचारा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.