मेगरने ‘ओके’ म्हटलं, म्हणजे नक्की काय?

एका जुन्या साखर कारखान्याच्या मोटारींचं टेस्टिंग रजिस्टर मला अभ्यासासाठी मिळालं. दरवर्षी गळीत हंगामाआधीची नोंद एकच: ‘आयआर ८ मेगओहम, ओके.’ तारीख, सही, सगळं आहे. वाइंडिंगचं तापमान मात्र कुठेच नाही. हे मला कधी कळलं? सगळं एक्सेलमध्ये भरून झाल्यावर!

आयआर म्हणजे इन्सुलेशन रेझिस्टन्स. वाइंडिंग आणि मोटारीची बॉडी यांच्यामधलं आवरण करंटची गळती किती अडवतं, त्याचं माप. जुन्या कारखान्यात अर्थिंगची पट्टीही गंजलेली असू शकते. अशा वेळी आवरण निकामी झालं तर बॉडीला हात लावणाऱ्यालाच शॉक बसतो.

आता गंमत बघा. तापमान १० अंशांनी वाढलं की आयआर साधारण निम्मा होतो. म्हणून आयईईई ४३ हे मानक आकडा आधी ४० अंश सेल्सिअसवर आणायला सांगतं. ४१५ व्होल्टच्या मोटारीला तिथे किमान ५ मेगओहम लागतात. समजा, ३० अंशांना ८ मेगओहम आले. ४० अंशांना ते होतात ४, म्हणजे मोटार नापास. दुसरी मोटार ५० अंशांवर ४ मेगओहम दाखवते. ४० अंशांना ते होतात ८, म्हणजे पास. रजिस्टरवर मात्र नेमका उलटा निकाल दिसेल.

मग मी तिथल्या वायरमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, “पावसाळ्यात ओल धरते ना, म्हणून बल्ब लावून वाळवतो आणि लगेच मेगर लावतो.” म्हणजे काही रीडिंग गरम वाइंडिंगची, काही गार. कुठली कुठली, ते आता सांगता येत नाही.

अजून एक घोळ. साधारण १९७० च्या आधीच्या वाइंडिंगला निकष सौम्य आहे: केव्ही अधिक १, म्हणजे इथे जेमतेम १.४ मेगओहम. पण नेमप्लेट १९६५ ची असली तरी मोटार मधे रिवाइंड झाली असेल तर? निकष वाइंडिंगच्या वयाचा आहे, नेमप्लेटच्या नाही. त्यामुळे रिवाइंडिंगची बिलंसुद्धा मागून घ्या. मला ती स्टोअरमध्ये मिळाली, अर्धी वाळवीने खाल्लेली.

आणि स्वतः टेस्ट बघायला गेलात, तर मेगर काढल्यावर लगेच टर्मिनलला हात लावू नका. वाइंडिंगमध्ये चार्ज राहतो. टेस्ट जितका वेळ चालली, त्याच्या किमान चौपट वेळ ते अर्थ करून ठेवावं लागतं.